वाघबारशीपर्यंत कोंबडा जिवंत हवा

८ सप्टेंबर, सोमवार

पाच दिवस! जॉर्जला कुत्र्यांच्या शेल्टरमधून आणून जेमतेम पाच दिवस झाले, आणि त्याने कोंबडी मारली. शेजारच्या बांधकामावरची चांगुणा ती तंगडीला धरून माझ्या दारात उभी. मागे तिचा नवरा सोमा. तिथला वॉचमन, पण बायकोसमोर तोंड उघडत नाही. नवी कोंबडी आणून देते म्हटलं, तर म्हणते, "कोंबडीचं जाऊ द्या, मॅडम. पण त्या लाल कोंबड्याला दात लागला तर बघा! वाघदेवाचा हे तो. वाघबारशीला गावी न्यायचा."

म्हणजे कापायचा. त्यांनी कापला तर भक्ती, जॉर्जने धरला तर खून!

९ सप्टेंबर

सोसायटीचे चेअरमन वाल्मीकराव सकाळीच हजर. यांचं मांजर सगळ्या गल्लीत घाण करतं, ते यांना दिसत नाही. "आणखी एक तक्रार आली की कुत्रा परत पाठवायचा, मॅडम."

परत कुठे? दोन घरांनी परत केलेला कुत्रा आहे हा. शेल्टरच्या मुलीने बजावलं होतं — आता परत आला तर पिंजऱ्यातच म्हातारा होईल.

नाही पाठवणार. वाघबारस, म्हणजे आपली वसुबारस, सतरा ऑक्टोबरला. तोवर शिकवेन.

११ सप्टेंबर

चांगुणाचा सल्ला — मेलेली कोंबडी आठ दिवस त्याच्या गळ्यात बांधा. "आमच्याकडं असंच करतात. पुन्हा बघत नाय कोंबडीकडं."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्या गळ्यात पाटी अडकवायच्या — 'मी वर्गात मराठी बोलले'. पाटी उतरली की आम्ही दुप्पट मराठी बोलायचो! अजिबात बांधणार नाही.

१९ सप्टेंबर

रोज दोनदा कुंपणाशी. पलीकडे कोंबडा, अलीकडे पट्ट्यात जॉर्ज, नुसता थरथरतो. मी म्हणायचं, "नाही!" त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं की टोस्टचा तुकडा.

चांगुणा विटांवर बसून तमाशा बघते. "टोस खाऊन वाघ माळकरी व्हायचा!"

म्हटलं, "तुझा सोमा झालाच ना गरीब, टोस न खाता."

हसली मेली.

२६ सप्टेंबर

पट्ट्याची कडी तुटली. क्षणात कुंपणापलीकडे! कोंबडा उडून वाळूच्या ढिगावर, शेपटीची तीन पिसं जॉर्जच्या तोंडात. चांगुणाने वीट उचलली. मी मध्ये उभी राहिले.

"आधी मला मार."

"सरका मॅडम, वय काय तुमचं!"

वयावर जाते! पण वीट टाकली. वाल्मीकरावांकडेही गेली नाही. का, कोण जाणे. मी विचारणार नाही.

४ ऑक्टोबर

आता फरशीवर कोंबडीचे तुकडे टाकते. आधी कच्चे, मग शिजवलेले. मी, जन्मात अंडं न उकडलेली! "नाही!" ऐकलं की टोस्ट. कोंबडीचा कण मिळणार नाही — कधीच नाही. त्यात सूट दिली की संपलं.

१२ ऑक्टोबर

पट्टा नव्हता. कोंबडा त्याच्या नाकासमोरून गेला. जॉर्जने मान फिरवली!!

१६ ऑक्टोबर

चांगुणा आणि सोमा पेठच्या गाडीने गावी गेले. कोंबडा पिशवीत, मान बाहेर, ऐटीत. पाच आठवडे मी राखला, तो यासाठी! "येते, मॅडम," म्हणाली. मी दार लावलं.

जॉर्ज दिवसभर कुंपणाशी बसून होता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

चांगुणा आली. पानात बांधलेलं कोंबड्याचं मटण, एकेक हाड काढलेलं. "जार्ज्याचा वाटा. त्यानं राखला ना."

त्याच्यासमोर ठेवलं. लाळ गळत होती. त्याने मान फिरवली आणि माझ्याकडे बघत बसला.

"खा," मी म्हटलं. "खा रे, जॉर्ज." चांगुणानेही म्हणून बघितलं.

तो हलला नाही. हा शब्द मी त्याला शिकवलाच नव्हता.