परत न टाकलेल्या चिठ्ठ्या

पर्वत पाटिया, सुरत
१० एप्रिल १९९६

हेमराज, आधी आईचा आशीर्वाद घे, मग पुढचं वाच.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. हर्षदा दोन्ही वेळा जेवते, पण चिडून.

वीस धागे तुटेपर्यंत ताणून सगळ्या सुताच्या मजबुतीचा अंदाज बांधायची एक रीत आहे. ती किती वेळा चुकते, ते तुझ्या लेकीला कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हजारदा करून तपासायचंय. हाताने ताळा म्हणून तिने एकेका धाग्याचा आकडा लिहिलेल्या वीस चिठ्ठ्यांचा डबा मला दिला. चिठ्ठी काढ, आकडा लिही, परत टाक, असं वीसदा. मग ती सरासरी काढणार.

निवडलेला खडा कोणी परत तांदळात टाकतं का? मी चिठ्ठ्या बाजूला ठेवत गेले. मग वीसच्या वीस निघायच्या, दर खेपेला तीच सरासरी. कॉम्प्युटरची मात्र वेगवेगळी. पोरीला वाटलं, आपलंच चुकलं. आठ दिवस कॉम्प्युटरचं सगळं पुन्हा लिहीत बसली. काल मला चिठ्ठ्या काढताना पाहिलं. "आजी, परत टाकायची होती गं," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं होतं.

शिक्षण पुरे, आखाजीच्या सणाला तिला घेऊन ये, असं लिहितोस. आम्ही येत नाही. आठ दिवस मी वाया घालवले, तिने नाही; ते भरून काढायचेत. बघायला येणाऱ्यांना सांग, म्हातारी पडलीय.

सूनबाईचा गुडघा कसा आहे? पत्र आवरते. चिठ्ठ्या पहिल्यापासून काढायच्यात, परत टाकून.

तुझी माय