घरगुती काडतुसं

५ फेब्रुवारी २००६, रविवार. अप्पर हट.
पिस्तूल क्लबात गेलो. पन्नास काडतुसांच्या डब्याची किंमत ऐकून डोकं फिरलं. लूट आहे लूट! नेम चुकतच गेला. माझा दोष नाही. प्रत्येक चापाबरोबर डॉलर उडताना दिसले तर काय होणार? शेवटची गोळी मात्र बरोब्बर मधोमध. आठवडाभराचा ऑफिसचा ताप उतरला.

निर्णय: यापुढे काडतुसं घरी भरायची. क्लबात सगळ्यांच्या पडलेल्या रिकाम्या पितळी नळ्या पुन्हा वापरायच्या. निम्म्यात काम. पुण्यात आमच्याकडे पापडसुद्धा विकत आणत नसत.

प्रमोद म्हणाला, तू उडवतोस किती, यंत्राचे पैसे वसूल कधी होणार? क्लबात आम्ही दोघंच मराठी आणि त्यातला एक असा. विकतची काडतुसं उडवतो, वर कॉफी पितो. उधळ्या लेकाचा.

१२ मार्च
काडतुसं भरायची प्रेस आली. तराजू, बंदुकीची दारू, ती पेटवणारे प्राइमर, सगळं आलं. बिल नीलांबरीला दाखवलं नाही. बायको असून तिला आकडे फार लक्षात राहतात. शिवाय हा खर्च नाही, इन्व्हेस्टमेंट आहे. मांडामांडीत क्लब बुडाला. पुढच्या रविवारी नक्की.

१४ मे
नळ्या साफ करायला म्हणे वेगळं यंत्र घ्यायचं. मी काय मूर्ख आहे? उशीच्या अभ्र्यात घालून वॉशिंग मशीनमध्ये टाकल्या. अभ्रा फाटला. मशीनही गेलं. नीलांबरी जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. नवीन मशीन आणलं. हिशेबात धरणार नाही. वॉशिंग मशीन हा घरखर्च.

वर विचारते, तुझ्या तासांचे पैसे कुठे धरलेस? नवऱ्याच्या कष्टांची किंमत करणारी बाई!

२३ जुलै
इथला जुलै म्हणजे भर हिवाळा. बाहेर हाडं गोठवणारी सदर्ली, दक्षिणेचा वारा. गॅरेजमध्ये मी, अंगात दोन स्वेटर. दोन हजार काडतुसं तयार. ओवीने दारातूनच विचारलं, डॅड, तू शूट कधी करतोस? तेही इंग्रजीत. मराठीत विचारलं असतं तर पोरीला उत्तर दिलं असतं.

क्लबचा सेक्रेटरी ब्रूस याचा फोन. वर्षाला बारा हजेऱ्या लागतात, तुझ्या तीनच झाल्यात, पिस्तुलाची परवानगी जाईल. मला नियम शिकवतो! अजून ढीगभर वेळ आहे. आधी प्रेसचे पैसे वसूल होऊ देत. त्याआधी उडवणं म्हणजे तोटाच.

१५ ऑक्टोबर
आज जाणारच होतो. तेवढ्यात कळलं, नीलांबरीने दिवाळीच्या चकल्या पापाटोएटोच्या देशी दुकानातून मागवल्यात. विकतच्या! माझ्या घरात! भांडणात दुपार गेली. ती म्हणाली, या चकल्या निदान संपतील तरी. याचा अर्थ मी विचारणार नाही.

१० डिसेंबर
चार हजार पूर्ण. वसूल! मी नफ्यात आहे. वॉशिंग मशीन वगळून.

पिस्तुलाची परवानगी गेली. हजेऱ्या पाच. या देशात मेहनती माणसाला किंमत नाही. पिस्तूल प्रमोदने घेतलं, तेही भाव पाडून. तरी मी मन मोठं करून म्हटलं, काडतुसंही ने, फुकट. त्याने एक डबा उघडून पाहिला, परत बंद केला. मग म्हणाला, शेखर, राग मानू नकोस, पण दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं क्लबात कुणीच उडवत नाही. दारू जास्त पडली असेल तर पिस्तूल हातातच फुटतं. हाताचा प्रश्न असतो.

मला हे आधी कुणी सांगायला नको? हरामखोर सगळे.

तो पिस्तूल घेऊन गेला. ती मधोमध लागलेली गोळी आठवली.

संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन आणखी पन्नास भरली. एका काडतुसामागचा खर्च अजून थोडा उतरला.