सुमतीचं ताक फुंकणं

१२ नोव्हेंबर
सुमती म्हणाली, "स्कूटर विकून टाकया." मे महिन्यात चढणीवर पिकलेल्या काजूच्या बोंडूंचा चिखल झालेला, त्यावरून चाक सरकलं, तिचा पाय मोडला. तेव्हापासून गाडी पडवीत गोणपाटाखाली. विकली की अंगणवाडी सुटली. सकाळी त्या वाटेला बस नाही, मी पहाटेच चिऱ्यांचा ट्रक घेऊन निघतो. तिच्या कामावरच्या मोठ्या बाईंचा फोन आलेला : नव्या वर्षात हजर व्हा, नाहीतर दुसरी सेविका बघतो. पोरांशिवाय ही घरात सुकून जाईल. हे बोललो असतो तर भांडण.

१९ नोव्हें.
धारगळहून मेव्हणा गिऱ्हाईक घेऊन आला. माणूस बरा. सुमतीने चहा दिला, चावी काही दिली नाही. "आजून थोडे दीस बगतंय." मेव्हणा फुगून गेला. मी पोटभर जेवलो.

३० नोव्हें. रवि.
आज स्वतःहून गोणपाट काढलं. मी मागे बसलो. जन्मभर खाणीवर ट्रक पळवलेला माणूस, बायकोच्या पाठीमागे मुकाट. चढणीवर फणसाची पिवळी पानं पडलेली. ही थांबली, उतरली, पायाने पान उलटून पाहिलं, गाडी ढकलत पुढे नेली.
"अगो, पानां ती! ताक फुंकून पितंस तू."
"लांबसून तुमकां कळता, पान काय बोंडू?"
नाही कळत. दोन्ही पिवळी.

२ डिसें.
जेवताना ताकाचा पेला समोर, डोक्यात तेच. असं बोलणं कुठून आलं असेल? पेल्यात पाहिलं तर दूध काय, ताक काय, पांढरंच. दुधावर साय धरली की वाफसुद्धा दिसत नाही. एकदा जीभ पोळल्यावर माणसाने डोळ्यांवर का विसंबावं? मग फुंकणारच. सुमतीला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "जेवा आदी. ताक थंड जातला."

१५ डिसें.
एकटी अंगणवाडीपर्यंत जाऊन आली. प्रत्येक वळणावर हॉर्न, पिवळं दिसलं की पाय खाली. दुकानावरचे मला विचारतात, "सुमती काल निगलेली, पावली काय रे?" हसू देत मेले. आम्हा ट्रकवाल्यांत न भिणारा तो शूर. मी कधी भ्यालोच नाही, त्यात माझं कसलं कर्तृत्व? ही भिते आणि जाते.

५ जाने.
हजर झाली. पोरांनी गाडीला गराडा घातला म्हणे. घरी आली ती बोलतच आली, वरण करपलं तरी थांबेना. किती दिवसांनी.
आम्ही सगळे तिच्या फुंकण्याला हसत होतो. ती पितेय, हे कोणी बोललंच नाही.

१८ जाने.
काजूला मोहर आलाय. चढणीवर घमघमाट. सुमती गाडी थांबवून वर झाडांकडे बघत राहिली. मी खाणीवरून परतताना ट्रकमधून पाहिलं.
रात्री म्हटलं, "बोंडू पडाक लागले काय मी सोडूंक येतंय. ट्रक ऱ्हवांदी."
"नाका." एवढंच.
आता उठून पाणी प्यायला पडवीत गेलो, तर स्कूटरला मागे खराटा बांधलेला. नवा, करकरीत. रस्ता झाडत जाणार ही बया.
मला झोप येईना.