यकृताचा तास

ॲन आर्बर,
३ फेब्रुवारी २००३

ती. सुहासिनी मावशीस,
अंतराचा सा. न. वि. वि.

तू कॉम्प्युटरला हात लावत नाहीस, म्हणून हा जाडजूड लखोटा. मावशी, मला घबाड सापडलंय! विद्यापीठाच्या लायब्ररीत जुने कागद लावायचं काम मिळालं ना, तिथे १८८३ सालच्या मेडिकलच्या एका मुलीच्या वह्या निघाल्या. नाव क्लारा. तिसऱ्या वहीत मध्येच सहा आठवडे अक्षर बदलतं, टपोरं होतं, आणि मग पुन्हा क्लाराचं येतं. त्या सहा आठवड्यांत एका दिवसाची नुसती तारीख आहे, खाली पान कोरं. आमचे साहेब म्हणतात, पैसे देऊन लेखनिक ठेवला असेल, त्याने एक दिवस दांडी मारली. मला नाही पटत.

मार्चअखेर प्रदर्शन आहे आणि वहीखालची पाटी मी लिहायची आहे! झेरॉक्स पाठवतेय. तू डॉक्टर, बघून सांग. काकांना नमस्कार. उत्तराला उशीर नको, बर्फाची सबब चालणार नाही.

तुझी लाडकी,
अंतरा

श्रूजबरी,
८ फेब्रुवारी २००३

चि. अंतरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भिंग घेऊन बसले ती उठलेच नाही. काका करपलेला भात जेवले. हा भाडोत्री लेखनिक नव्हे. क्लारा जिथे अडेल, तिथे समासात सोपी आकृती काढून दिली आहे. असं मैत्रीणच करते. वहीचं शेवटचं पान बघ. नवी निब माणूस स्वतःचं नाव लिहूनच चालवून बघतो.

मला हे कळतं, कारण नागपूरला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला, तेव्हा माझी मैत्रीण नंदा कार्बन घालून नोट्स काढायची. चाळीस दिवस. फक्त यकृताच्या तासाचं पान नव्हतं, आणि परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. पदक तिला मिळालं. तिने ते पान मुद्दाम लपवलं, असं मी होस्टेलभर बोलले. ती अजून नागपुरातच आहे, पण अडतीस वर्षं झाली, आमचा अबोला आहे. तुझं ते कोरं पान बघून तेच पान आठवलं गं.

जिवाला जप, टोपी घाल.
तुझी,
मावशी

ॲन आर्बर,
१३ फेब्रुवारी २००३

ती. मावशीस,
सा. न.

शेवटच्या पानावर ‘हॅटी’, अकरा वेळा! मी लायब्ररीत चक्क किंचाळले. साहेबांनी स्वतः चष्मा लावून मोजलं. पाटीवर आता दोन नावं लागणार!

कोऱ्या पानाबद्दल मात्र कोणाला विचारू? दोघी कधीच गेल्या. पण मावशी, तुझी हॅटी नागपुरात आहे. आधी तिला लिही, मग मला. रागावू नकोस.

तुझी आगाऊ,
अंतरा

नागपूर,
४ मार्च २००३

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

तुझं आठ पानी पत्र दोनदा वाचलं. त्यातली माफीची तीन पानं जास्त झाली. थोडक्यात उत्तर लिहिणं तुला कधी जमलंच नाही.

यकृताचं पान मी लपवलं नाही. ते लिहिलंच नाही. त्या दिवशी तुझा ताप एकशे पाचवर गेला. वॉर्डातून निरोप आला तशी मी तास सोडून पळत आले आणि संध्याकाळपर्यंत तुझ्या कपाळावर घड्या ठेवत बसले. तू आईला हाका मारत होतीस, तुला कुठून आठवणार! परीक्षेत तो प्रश्न मीही सोडला. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू चोर म्हणालीस, मी फार रडले, आणि मग ताठा आला.

भाचीला आशीर्वाद. तिला सांग, काचेखाली वही उघडी ठेवायची तर त्या कोऱ्या पानावरच ठेव.

आणि यकृत मला अजून नीट येत नाही. ये, शिकव. लोभ होताच, आता त्याला बोलू दे.

तुझीच,
नंदा