आणि की आणी

शनिवार, १ नोव्हेंबर

गुन्ह्यांची मालिका बघत होती आई, आणि आरोपी मी! आज टीव्हीवर एक निवृत्त, एकटे मास्तर दाखवले. फोनवर एक बाई, गोड बोलणं, भेट कधीच नाही. शेवटी ती बाई म्हणजे एक मिशीवाला निघाला. जाहिरात लागल्यावर आईने आवाज कमी केला.

"बघ, गिदोन. डोळं उघडून बघ. तुझी ब्लेसीबी अशीच आसंल."

म्हणालो, ब्लेसी शिरूरची आहे. आपल्याच समाजाच्या विवाह ग्रुपवर तिची माहिती आली. तूच मला दाखवलीस.

"दाखवली, पर मी कुठं पाह्यली? आन् इतकं महिनं झालं, नुसतं मेसेज लिव्हती, व्हिडिओवर का येत न्हाई?"

तिला आवडत नाही. मलाही आवडत नाही — कॅमेऱ्यात माझं नाक मोठं दिसतं. दोन माणसांना एकच गोष्ट आवडत नसेल तर त्यात गुन्हा कसला?

रविवार, २ नोव्हेंबर

चर्चमध्ये माझं वाचन होतं. एकदाही अडखळलो नाही. लहानपणी आई मला शास्त्रपाठ उतरवून काढायला लावायची. एक वेलांटी चुकली की सगळं पान पुन्हा! दहावी सुटली, ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही.

वाचन रेकॉर्ड करून ब्लेसीला पाठवलं. संध्याकाळी तिचं उत्तर: "आवाज छान हाय. फकस्त देवाचं नाव घेताना घाबरता. आणी घाबरायचं कशाला, तो काय तुमचा सुपरवायझर हाय का!"

मी हसलो. आई लगेच — "आला का मिशीवाल्याचा मेसेज?"

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फर्स्ट शिफ्ट. दौंडहून कुरकुंभला जाताना कंपनीच्या बसमध्ये हृतिक शेजारी. आम्ही दोघं ड्रमवर लेबलं लावतो. त्यालाही ती मालिका पाठ.

"गिद्या, तुझी ब्लेसी म्हंजी एका खोलीत बसल्यालं सहा दाढीवालं. एकाचा हात दुखला की दुसरा लिव्हतो."

म्हणालो, सहा दाढीवाल्यांना शेळीचं बाळंतपण इतकं छान सांगता येत असेल, तर सहाही जणांशी लग्न करतो!

सगळी बस हसली. हसू दे. मी खिडकीकडे तोंड फिरवलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजच्या भागात इन्स्पेक्टरने टोळी पकडली. कशावरून? मेसेज लिहिणारे दोघे होते. एक 'भेटू' लिहायचा, दुसरा 'भेटूया'.

फोन घेऊन मागच्या दारी गेलो. पहिल्यापासून सगळे मेसेज वाचले.

सकाळचे: "ओके." "जेवलात का?" "ड्युटीवर आहे आणि घाईत आहे." 'आणि'. पहिली वेलांटी.

संध्याकाळचे: शेळी, लोणच्याच्या बरणीत पडलेला चष्मा, गल्लीतल्या बायकांच्या नकला. सगळीकडे 'आणी'. दुसरी वेलांटी. एकही अपवाद नाही!

हे मला आधी दिसलं नाही? दिसलं होतं. पण ती चुकीची 'णी' दिसली की बरं वाटायचं, म्हणून पुढचा विचार केला नाही. मी! लग्नपत्रिकेतली चूकसुद्धा पेनाने दुरुस्त करणारा मी!

रविवार, ९ नोव्हेंबर

सरळ विचारलं. "तुम्ही एकच आहात की दोघं? खरं सांगा. मी रागावणार नाही." तीनदा वाचून पाठवलं. उत्तर नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आलं! संध्याकाळी आलं.

"इथं समद्यांना तुमचाच संशय हाय. शेजारच्या मावशींनीबी ती मालिका पाह्यली. म्हणतात, कंपनीतला पोरगा, आणी सगळे अनुस्वार जागेवर? खरा माणूस एवढं शुद्ध लिहीतच न्हाई, हा भामटा हाय. खरं-खोटं करायचं असल तर रविवारी शिरूरला या. चर्चच्या मागं, निळं दार."

मी भामटा! इतका राग आला की फोन उशीखाली कोंबला. मग बाहेर काढून पुन्हा वाचला आणि एकटाच हसत बसलो.

जाणार.

आई म्हणते, "एकला जाऊ नगं. टीव्हीत त्या मास्तरला असंच बोलवून लुटला." लुटू देत! माझ्याकडे आहे काय? एक नाक.

रविवार, १६ नोव्हेंबर

चौफुल्याला एसटी बदलली. शिरूरला उतरून चर्चचा रस्ता विचारला. निळं दार होतं. दार उघडलं ते ब्लेसीने. फोटोतली तीच! आमच्या ख्रिस्ती रीतीने आधी सलाम झाला.

"सलाम."

"सलाम."

खरी आहे! दारातूनच आईला फोन लावावासा वाटला.

तिचे वडील, आप्पा, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते. "आमाला वाटलं येणारच न्हाई तुम्ही. टीव्हीत येत न्हाईत."

ब्लेसी दवाखान्यात नर्स आहे. बोलणं नीट, मोजकं. मी विचारलं, "मग तो चष्मा बरणीतून निघाला का?"

"कुठला चष्मा?"

स्वयंपाकघरात कुणीतरी फिसकन हसलं. पाठोपाठ भांडं पडलं. ब्लेसीने मान वळवली. "ताई! तू काय काय लिहिलंस गं?"

चहा घेऊन आली ती सुवार्ता. ब्लेसीची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून माहेरीच असते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दोऱ्याला हळदीचा पिवळा डाग.

"ही ड्युटीवरनं दमून यायची, फोन माझ्याकडं टाकायची," ती म्हणाली. "उत्तर न्हाई गेलं तर चांगलं स्थळ हातचं जाईल, म्हणून मी लिवत गेले. चुकलं माझं. पर त्यात खोटं एक न्हाई. फकस्त नाव खोटं."

"झालं गेलं," आप्पा म्हणाले. "पोरगी समोर हाय, पोरगा समोर हाय."

मी ब्लेसीकडेच बघायला हवं होतं. निघताना सुवार्ता दारापर्यंत आली. तिने हळूच विचारलं, "'आणि'ला पहिली वेलांटी असती व्हय? ब्लेसी सांगत हुती."

मी म्हणालो, "नियम तसा आहे."

काय उत्तर दिलं मी!

सोमवार, १७ नोव्हेंबर

ब्लेसी खरी आहे, एवढंच घरी सांगितलं. आईने सगळ्या गल्लीला सांगितलं. हृतिक बसमध्ये म्हणाला, "एकबी दाढी न्हाई? बेकार शो हाय मग!" आई पाद्रीसाहेबांना तारीख विचारायला निघाली होती. थांबवलं. कारण सांगितलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सांगून टाकलं. शिरूरलाच नातं जोडायचं. ब्लेसीशी नाही, सुवार्ताशी. आई ओरडली, "विधवा? आन् तुझ्याहून मोठी? त्यापरीस मिशीवाला बरा हुता!" मी जागचा हललो नाही.

मुद्दाम संध्याकाळी मेसेज केला: "हा सुवार्तासाठी आहे. मी रविवारी पुन्हा येतो आणी या वेळी तुम्हालाच विचारायला येतो."

तीनदा वाचला. दुसरी वेलांटी तशीच ठेवली. पाठवला.