एकेचाळीस नंबरचं औषध

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी साडेसात.

आजपासून रोजनिशी. प्रयोगांची वही वेगळी आहे, पण तिच्यावर लॅबप्रमुख मॅडमची सही असते, त्यामुळे तिथे मनातलं लिहिता येत नाही. ही वही कुणालाही दाखवायची नाही. तरी अक्षर चांगलं काढावं हे बरं.

संकल्प. एक, रोज लिहिणे. दोन, लिफ्ट बंद, जिना. तीन, टेक्निशियन काकांच्या चिठ्ठ्यांवर न चिडणे.

काका लॅबमध्ये तीस वर्षं आहेत आणि जिथे भिंत दिसेल तिथे चिठ्ठी लावतात. फ्रिजवर 'दार लावा'. त्याच्या खाली 'लावलं का?' माझ्यासारख्या पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हे वाचायला लावणं म्हणजे अपमान आहे. पण संकल्प म्हणजे संकल्प.

ता. क. लिफ्टने गेलो. उशीर झाला होता.

४ ऑगस्ट. दुपारी चार.

कामाचं स्वरूप एकदा लिहून ठेवतो. जुनी, बाजारात असलेली औषधं एकेक करून करोनाच्या विषाणूवर चालतात का ते बघायचं. प्लेटच्या खळग्यांत जिवंत पेशी असतात. त्यांच्यावर औषध घालायचं, विषाणू सोडायचा, तीन दिवसांनी जांभळा रंग ओतायचा. पेशी जिवंत असतील तर सगळं जांभळं. विषाणूने खाल्ल्या असतील तर पांढरी भोकं. आजवर चाळीस औषधं झाली. चाळीसही चाळण्या.

आज एकेचाळिसावं. खाजेवरची जुनी गोळी, आता कुणी लिहूनही देत नाही.

विषाणूची गोठवलेली ट्यूब नुकतीच वॉटर बाथच्या गरम पाण्यात वितळायला ठेवली होती, दोन मिनिटांचं काम, तेवढ्यात काचेपलीकडे संस्थेचे अध्यक्ष आणि चार पाहुणे येऊन उभे राहिले. इंटरकॉमवरून त्यांना थोडक्यात माहिती दिली. थोडक्यात म्हणजे पन्नास मिनिटं. त्या पांढऱ्या संरक्षक सूटमध्ये मी बरा दिसतो. एका बाईंनी फोटो काढला.

नंतर ट्यूब काढली तर दोन-दोन ग्लोव्हजमधूनही पाणी चांगलंच कढत लागलं. बाथवर काकांची चिठ्ठी होती. चिडायचं नाही असं ठरलंय, म्हणून वाचली नाही.

कंट्रोल प्लेट, म्हणजे औषध न घालता नुसता विषाणू सोडलेली, आज लावली नाही. प्लेटांची टंचाई आहे. मागच्या आठवड्याची आहे की. भोकं ती भोकंच, आठवड्यात काय बदलणार?

७ ऑगस्ट, शुक्रवार.

अक्षर आज चांगलं येणार नाही.

सगळं जांभळं. एक भोक नाही. औषध दहापट पातळ केलेल्या खळग्यात नाही, शंभरपट पातळमध्ये नाही, हजारपट पातळमध्येही नाही! औषध जवळजवळ नसलं तरी परिणाम तोच. असं औषध आजवर झालेलं नाही.

मॅडम बराच वेळ प्लेटकडे बघत राहिल्या. मग विचारलं, कंट्रोल त्याच दिवशीचा ना? मी मान हलवली.

नोंद : मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे.

मॅडमनी लगेच हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन लावला. औषध जुनं, सुरक्षित. परवानग्या मिळाल्या तर वीस तारखेला पेशंटवर चाचणी सुरू करता येईल. तोवर प्रयोग एकदा परत करा म्हणाल्या. औपचारिकता. आजच लावला, ताज्या ट्यूबने, कंट्रोलसकट.

बाहेर कुठे बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद. म्हणून घरी सांगितलं.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, आमचा भाचा शास्त्रज्ञ होणार. बायकोने फक्त एवढंच विचारलं की, प्रयोग एकदाच झालाय ना? हिला मोठं चित्र दिसतच नाही.

९ ऑगस्ट, रविवार.

मुलाखतीची तयारी. 'हे यश आपण कुणाला अर्पण कराल?' आत्याला. मग मॅडमला. काकांचाही उल्लेख करावा, मन मोठं ठेवावं.

आत्याला दुपारपासून ताप, कोरडा खोकला. काळजी करू नकोस म्हणते, औषध तर घरचंच आहे.

१० ऑगस्ट.

परत केलेल्या प्रयोगाचा निकाल. कंट्रोल चाळणी. एकेचाळीसही चाळणी. हजारपट पातळ सोडा, घट्टसुद्धा चाळणी.

संभाव्य कारणं : पेशी म्हाताऱ्या असतील. रंग जुना असेल. सोमवार.

चहाच्या वेळी काका जवळ येऊन उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "चार तारखेला तो बाथ मी छप्पन्न अंशांवर लावला होता, सिरम तापवायला. चिठ्ठी लावली होती. तुमची ट्यूब त्यात नव्हती ना?"

मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग बरं. आणि कप धुवायला गेले.

छप्पन्न अंशांत अर्धा तास ठेवला की हा विषाणू मरतो. हे मला माहीत आहे. नव्या लोकांना मीच शिकवतो. माझी ट्यूब पन्नास मिनिटं होती.

म्हणजे मी मेलेला विषाणू पेशींवर सोडला आणि औषधाने तो मेला म्हणून नाचलो.

लाज वाटते हे लिहून ठेवतो. मॅडमना उद्या दहा वाजता सांगणार. पक्कं.

११ ऑगस्ट.

दहा वाजता मॅडम मीटिंगमध्ये. साडेदहाला आत्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. ऑक्सिजन एक्याण्णव. दुपारी ॲडमिट केलं. स्ट्रेचरवरून ॲम्ब्युलन्सच्या माणसाला सांगत होती, नऊ दिवसांत भाच्याचं औषध येतंय, तुम्हीही धीर धरा.

अशा दिवशी कुणी लॅबचं काय बोलणार?

१२ ऑगस्ट.

वॉर्डातल्या डॉक्टरांचा फोन. त्यांच्याकडे दुसरी एक चाचणी चालू आहे, अँटिबॉडीच्या सलाइनची. आतापर्यंतचे निकाल चांगले आहेत. आत्या नियमात बसते. पण सात दिवसांच्या आत द्यावं लागतं, आणि एका पेशंटला एकाच चाचणीत घेता येतं. आत्याने सही करायला नकार दिला. म्हणाली, मी वीस तारखेची वाट बघते, आमच्या घरचं औषध आहे. डॉक्टर हसले, माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले, तुम्ही समजावा, तुमचं ऐकतील.

व्हिडिओ कॉल लावला. आत्याने मास्क बाजूला करून नर्सला दाखवलं, हाच तो. नर्स म्हणाली, नमस्कार सर.

मी आत्याला विचारलं, जेवलीस का? जेवले म्हणाली. फोन ठेवला.

हिशोब : अकराला ॲडमिट, म्हणजे अठरापर्यंत मुदत. भरपूर वेळ आहे.

१३ ऑगस्ट.

तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं. पत्राचा मसुदा. 'काही तांत्रिक कारणास्तव' अशी सुरुवात केली. फार मोघम. मग 'वॉटर बाथच्या तापमानात अनपेक्षित वाढ झाल्याने' असं केलं. बाथवर आळ येतो, पण बाथ तक्रार करणार नाही. मग लक्षात आलं, काका करतील. फाडला.

दुपारच्या मीटिंगमध्ये मॅडमनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. पुनरावृत्तीत एकदा गडबड झाली, ती होतच असते, तिसऱ्यांदा लावू म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. टाळ्यांच्या मध्ये उठून कसं सांगणार? काका टाळ्या वाजवत नव्हते. माझ्याकडे बघतही नव्हते. ते जास्त लागलं.

१४ ऑगस्ट.

आत्याचा ऑक्सिजन एकोणनव्वद. पुरवठा वाढवला. नर्स दिवसातून सोळा तास पालथं झोपवतात. आत्याची तक्रार अशी की इथली फरशी कुणीतरी उसवून शिवल्यासारखी आहे.

ही म्हणाली, आत्यांनी ते सलाइन नाकारलंय, तुझ्या औषधासाठी. तू बोल ना. मी म्हणालो, वैद्यकीय निर्णय असे घाईत घ्यायचे नसतात. ही माझ्याकडे नुसती बघत राहिली. बारा वर्षं संसार केलेल्या बायकोचं बघणं फार वाईट.

हिला सांगितलं नाही. आधी मॅडमना सांगावं, शिस्त म्हणून.

१६ ऑगस्ट, रविवार.

लॅब बंद, त्यामुळे आज सांगता येणं शक्यच नव्हतं. (वॉर्ड चालू असतो. हे संध्याकाळी लक्षात आलं.)

आरशासमोर सराव केला. 'मॅडम, माझ्याकडून एक चूक झाली आहे.' चार वेळा. चौथ्या वेळी चांगलं जमलं. आरशातला मी धीराचा वाटला.

उद्या. मुदत परवापर्यंत आहे, तरी उद्याच. याला म्हणतात तत्परता.

१७ ऑगस्ट.

सांगितलं.

मॅडम रागावतील म्हणून आरशात तयारी केली होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, कधी कळलं? दहा तारखेला, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "आज सतरा आहे." मग प्रयोगाची वही आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं : बाथ छप्पन्न अंशांवर होता, ट्यूब पन्नास मिनिटं होती, कंट्रोल त्या दिवशीचा नव्हता, हो म्हणालो ते खोटं होतं. मॅडमनी खाली सही केली. वीस तारखेची चाचणी रद्द.

तिथून वॉर्डात. डॉक्टरांना सगळं सांगून म्हणालो, आत्याला ते सलाइन द्या, मुदत उद्यापर्यंत आहे.

त्यांनी फाइल उघडली. मुदत ॲडमिट झाल्यापासून मोजत नाहीत. पहिल्या तापापासून मोजतात. ताप नऊ तारखेला आला होता.

"काल संध्याकाळपर्यंत चाललं असतं," ते म्हणाले.

काल संध्याकाळी मी आरशासमोर होतो.

मग वॉर्डातल्या फोनवरून आत्याला. काचेतून ती दिसत होती, नर्सने फोन तिच्या कानाशी धरला होता. म्हणालो, आत्या, माझं औषध काही नाही. चूक झाली. ते दुसरं सलाइन होतं, त्याची वेळही माझ्यामुळे गेली. तिला मास्कमध्ये नीट ऐकू गेलं का कळलं नाही. मग म्हणाली, "बरं. ठेव आता, पालथं व्हायचंय."

१८ ते २८ ऑगस्ट.

लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नाही. दोन दिवस तिला आयसीयूत ठेवलं होतं. त्या दोन दिवसांत मी जिन्याने चढलो, उतरलो, परत चढलो.

२९ ऑगस्ट, शनिवार.

आत्या घरी आली. नऊ किलोंनी कमी. भिंत धरून चालते. बाथरूमपर्यंत जाऊन आली की पंधरा मिनिटं बसून राहते. डॉक्टर म्हणाले, सलाइनने हे टळलं असतं का सांगता येत नाही, कदाचित टळलं असतं. त्या 'कदाचित'चं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

३१ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळ.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर भेटले. हात जोडले. म्हणाले, आत्यांनी सांगितलं, तुमच्या गोळीने वाचल्या म्हणून. त्यांच्या बायकोला परवापासून ताप आहे. डॉक्टर ॲडमिट करा म्हणतात, पण गोळी मिळाली तर घरीच ठेवू म्हणतो. मी बघतो म्हणालो आणि वर आलो.

आत्या शिलाई मशीनपाशी बसली होती. पायडल मारायची ताकद नाही, नुसता हात ठेवून. मी म्हणालो, तुला मी फोनवर सांगितलं होतं. ऐकू आलं नव्हतं का?

"आलं होतं."

मग लोकांना असं का सांगतेस?

ती म्हणाली, "काय सांगू मग? जन्मभर सांगत आले, आमचा भाचा, आमचा भाचा. आता सांगू, त्याने जंतू शिजवले आणि गप्प बसला? मी थांबले रे तुझ्यासाठी. डॉक्टर रोज येऊन विचारायचे आणि मी रोज नाही म्हणायचे. त्या थांबण्याचं काहीतरी झालं, एवढं तरी मला म्हणू दे."

खाली गेलो. या वेळी ठरवलं नव्हतं, मसुदा नव्हता, वेळ धरली नव्हती. चपला घालायच्या राहिल्या. पोस्टमास्तरांना दारातच सांगितलं, अशी गोळी नाही. माझा प्रयोग चुकला होता आणि मी लपवला होता. आत्या ऑक्सिजनने आणि नर्सच्या मेहनतीने बरी झाली. वहिनींना आजच घेऊन जा, त्या सलाइनचं विचारा, आणि दिवस पहिल्या तापापासून मोजा.

ते म्हणाले, मग आत्या खोटं का सांगतात? मी म्हणालो, माझ्यासाठी. त्यांनी दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी दोघं गाडीत बसून गेले, हे खिडकीतून पाहिलं.

वर आलो तर आमचं दार उघडंच होतं. जिन्यातलं सगळं घरात ऐकू येतं. आत्याने मशीनवर कव्हर घातलं होतं आणि भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवताना तिने पाणी हिच्याकडे मागितलं. तांब्या माझ्या हातात होता.