व्हॅम्पायर आणि बोर्डावरचं शून्य

बाबा, मी एक व्हॅम्पायर काढलाय. रक्त पिणारा, सुळ्यांचा, कॉमिकमधला. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "आन् हा कोन बाप्पा?" या लोकांना उन्हात फिरता येत नाही असा जुना नियम आहे, म्हणून मी त्याला सरळ आपल्या गावात आणून सोडलं. खाणीच्या धुळीनं सूर्य असा झाकलेला, की हा पठ्ठ्या भर दुपारी टपरीवर बसून असतो. त्याचा पांढराफटक चेहरा पाहून कोणी दचकत नाही, कारण खाणीतली पाळी सुटली की आपल्याकडे सगळेच तसे दिसतात. तुम्हीही तसेच यायचे, भुवयांवर भुकटी, आणि माय दारातच म्हणायची, आधी तोंड धुवा, मग चहा. दुसरी अडचण फाटकाची होती. कोणी आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही, आणि कंपनीच्या फाटकावर तुम्हीच रंगवलेला बोर्ड, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. दोन दिवस मी डोकं धरून बसले. शेवटी त्याला ठेकेदाराकडून गेटपास काढून दिला. ठेकेदाराला माणूस लागतोच, दात कोण बघतो!

तर तो आत शिरतो आणि बघतो, की ही कंपनी डोंगर खाते आणि डोंगराबरोबर माणसंही खाते. जन्मभर लोकांचं रक्त पिऊन जगलेला हा, पण त्यालाही लाज वाटते. फोनवर मायला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती हसत सुटली. म्हणाली, "त्याले सांग, इथी तुया आधीच नंबर लागला आहे." माय बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही.

रंगाचं काम मात्र मी अजून तुमच्यासारखंच करते. शाळेत असताना जयंतीचा निळा बोर्ड मी रंगाच्या एकाच हातात उरकला होता, आठवतं? लांबून झकास दिसत होता, सगळ्यांनी वाहवा केली. तुम्ही जवळ आलात, उन्हात तिरपी मान करून पाह्यलंत आणि विहारासमोर, सगळ्या बायकांदेखत, मला तो पुन्हा रंगवायला बसवलंत. "एका हाताचं काम म्हंजे अर्धं खोटं," म्हणालात. "पह्यला हात झाकते, दुसरा हात टिकवते." मी रडत रडत दुसरा हात दिला. रात्री जेवताना तुम्ही तुमचा चार नंबरचा ब्रश माझ्या ताटाशेजारी ठेवलात. मुठीवर दोरा गुंडाळलेला तो ब्रश आजही माझ्या टेबलावर आहे. रेघ ओढण्याआधी मी तो एकदा हातात घेतेच.

आणि फाटकाजवळचा तो मोठा काळा बोर्ड. 'अपघाताविना सलग आठवडे', आणि खाली आकडा. दर सोमवारी सकाळी तुम्ही जुना आकडा काळ्या रंगाखाली घालवायचे, दुपारी वाळला की पांढऱ्यानं नवा काढायचे. शाळेची एसटी त्या बोर्डासमोरच थांबायची. एकतीस आठवडे झाले होते तेव्हा आपल्याच मोहल्ल्यातला एक माणूस खाणीत दगडाखाली गेला. आपण सगळे त्याच्या मातीला गेलो होतो. पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी एसटीतून उतरले, तर बोर्डावर बत्तीस. उतरतं ऊन बोर्डावर तिरपं पडलं होतं, आणि त्या बत्तिसाच्या मागे, काळ्याखालून, एक भलं मोठं शून्य दिसत होतं. मैत्रिणी म्हणाल्या, तुया बाबाले आकडा बी नाई येत अन् रंगबी नाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी तुमच्यावरच चिडले.

"बाबा, आतला शून्य दिसून राह्यला."

तुम्ही रॉकेलनं बोटं पुसत होतात. वर न बघता म्हणालात, "दिसू दे."

एवढंच. पुढच्या सोमवारी बोर्ड दुसऱ्याकडे गेला आणि तुम्हाला कंपनीच्या रस्त्यावरच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायला पाठवलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुमच्या चुकीची ती शिक्षा. खरं काय ते मायनं परवा, व्हॅम्पायरची गोष्ट ऐकताना सांगितलं. त्या सोमवारच्या आदल्या दिवशीच तुम्ही कोणाला न विचारता शून्य काढलं होतं. सोमवारी सकाळी साहेब आले, म्हणाले, मेला तो ठेकेदाराचा माणूस होता, कंपनीचा नाही, आपल्या आकड्यात येत नाही, बत्तीस करा. तुम्ही बत्तीस केलं. माझी शाळा होती, घर होतं, भांडायला तुमच्याकडे काय होतं? पण शून्यावर काळ्याचा एकच हात दिलात, तोही पातळ. दुसरा दिला नाही. बाबा, जन्मात तुम्ही एवढं एकच काम अर्धं सोडलंत. मी फोन ठेवला आणि खूप रडले, आणि मग, खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

उद्या शेवटची पानं द्यायची आहेत. आमच्या संपादकबाईंना शेवटी रक्त हवं होतं. व्हॅम्पायर मालकाचा गळा धरतो आणि पीतच नाही, म्हणजे वाचकाची फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. माझा व्हॅम्पायर मालकाला मानगुटीला धरून बोर्डापाशी आणतो, त्याच्या हातात ब्रश देतो आणि त्याच्याकडून शून्य काढून घेतो. दुसऱ्या दिवशी कंपनी त्यावर बत्तीस रंगवते. शेवटच्या चित्रात फक्त तो बोर्ड आहे, उतरतं ऊन, आणि काळ्याखालून वर येणारं शून्य. हे कळल्यावर बाईंनी गळ्याचा हट्ट सोडला. पण आज दुपारी पुन्हा फोन. म्हणाल्या, "मागचं शून्य दिसतंय हो. लोकांना छपाईची चूक वाटेल. काळा जरा गडद करता का?"

तुमचा ब्रश हातातच होता. मी म्हटलं, "दिसू दे."

हे पत्र ब्रशच्या डब्यात तळाला घालून ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार? एक सांगायचं राह्यलं. त्या संध्याकाळी, एसटीच्या थांब्यावर, मैत्रिणी हसल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, हा बोर्ड माझ्या बाबांनी रंगवलेलाच नाही.